संशोधनाआधीचे एक वर्ष

२०२३ च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, मी हैदराबादमधील एका विद्यापीठात अर्थशास्त्राच्या पीएच.डी.साठी अर्धवेळ विद्यार्थी म्हणून नाव नोंदविले. एम.ए. होऊन तेव्हा एकोणतीस वर्षे झाली होती. विषय माझ्या रोजच्या कामातलाच होता : केंद्र पुरस्कृत योजनांचा पैसा दिल्लीहून निघून लाभार्थ्यापर्यंत पोहोचेतो वाटेत कोठे, किती काळ आणि कोणत्या कारणाने थांबतो. त्याचे सर्वांत बोलके उदाहरण माझ्याच वर्गात, शेजारच्या बाकावर बसलेले असेल याची विषय निवडताना मला कल्पना नव्हती.

पीएच.डी.च्या अडचणींविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते ते बहुधा मार्गदर्शकाचा स्वभाव, प्रबंधांचा घसरलेला दर्जा किंवा वाङ्मयचौर्य यांविषयी असते. ते महत्त्वाचे आहेच. पण मला येथे फक्त पहिल्या वर्षाविषयी लिहायचे आहे. त्या वर्षात संशोधन फारसे होत नाही. कागद गोळा करणे, ते सादर करणे, ते परत येणे आणि पुन्हा सादर करणे यातच ते जाते. ही व्यवस्था कोणा प्राध्यापकाने निर्माण केलेली नाही. ती आम्ही, म्हणजे नियम करणाऱ्या आणि पैसे सोडणाऱ्या मंडळींनी निर्माण केलेली आहे.

सुरुवात माझ्यापासून करतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने ७ नोव्हेंबर २०२२ रोजी पीएच.डी.संबंधीचे नवे विनियम अधिसूचित केले. नोकरी करणाऱ्या अर्धवेळ उमेदवाराने आपल्या कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र आणावे, आणि त्यात तीन गोष्टी असाव्यात, एवढेच त्यात म्हटले आहे. उमेदवाराला अर्धवेळ अभ्यासाची परवानगी आहे, त्याच्या कामाच्या स्वरूपामुळे संशोधनाला पुरेसा वेळ मिळू शकतो, आणि गरज पडल्यास कोर्सवर्क पूर्ण करण्यासाठी त्याला कार्यमुक्त केले जाईल. माझ्या कार्यालयात ही तीन वाक्ये टंकलिखित होऊन त्याखाली सही होण्यास सात महिने लागले.

यात कोणी दुष्टपणा केला असे मुळीच नाही. पहिल्या टेबलावर विहित नमुना विचारला गेला. तसा नमुना अस्तित्वात नव्हता, म्हणून पारपत्रासाठीच्या ना-हरकत प्रमाणपत्राच्या नमुन्यात फेरफार करून तो तयार करण्यात आला. त्यात ‘कोणत्या देशात जाणार’ हा रकाना तसाच राहिला होता. मी तेथे ‘लागू नाही’ असे लिहिले. मग दक्षता विभागाचा निर्वाळा मागविण्यात आला, जो विनियमात कोठेही मागितलेला नाही. मग ‘प्रस्तावित संशोधनाचा कार्यालयीन कामकाजाशी संबंध स्पष्ट करावा’ असा शेरा मारून फाईल माझ्याकडे परत आली. मी स्पष्ट केले. तोवर ज्यांच्याकडे फाईल होती त्या अधिकाऱ्यांची बदली झाली.

तो शेरा वाचताना मात्र मी थबकलो. दहा वर्षांपूर्वी, मी पूर्व भारतात नेमणुकीवर असताना, माझ्या हाताखालच्या एका महिला अधिकाऱ्याने ओडिया स्त्रियांच्या आत्मचरित्रांवर पीएच.डी. करण्यासाठी असेच प्रमाणपत्र मागितले होते. तिने रजा मागितली नव्हती, पैसे मागितले नव्हते. तिच्या फाईलवर जवळजवळ याच शब्दांत मी शेरा मारला होता. ती फाईल पुन्हा माझ्याकडे आली नाही, आणि ती का आली नाही हे मी विचारलेही नाही. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या १९७२ च्या रजा नियमांत अध्ययन रजेसंबंधी एक तरतूद आहे : अभ्यासाचा विषय कर्मचाऱ्याच्या कामाशी थेट निगडित नसला, तरी त्याने त्याची दृष्टी व्यापक होऊन तो अधिक चांगला प्रशासक होणार असेल, तर अशा अभ्यासासाठीही रजेचा विचार करता येतो. म्हणजे पगारी रजेच्या बाबतीतही नियम माझ्या शेऱ्यापेक्षा उदार होता. हा नियम मी नीट वाचला तो माझी स्वतःची फाईल अडल्यावर.

असो. जुलैच्या शेवटी प्रमाणपत्र मिळाले आणि मी वर्गात जाऊन बसलो. आम्ही चौदाजण होतो. मी एम.ए. केले तेव्हा समाश्रयणाची उदाहरणे आम्ही कॅल्क्युलेटरवर सोडवीत असू. येथे चोवीस-पंचवीस वर्षांची मुले संगणकावर दहा मिनिटांत जे करीत होती ते समजून घ्यायला मला आठवडा लागे. पण महिन्याअखेर माझ्या खात्यात पगार जमा होत असे. त्यामुळे माझ्या अडचणी या अडचणी म्हणण्याच्या लायकीच्या नव्हत्या हे मला पहिल्या दोन महिन्यांतच कळले.

माझ्या शेजारी हिंगोली जिल्ह्यातला एक मुलगा बसे. मराठवाड्यातून हैदराबादला शिकायला येण्याची वाट जुनी आहे. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता आणि कित्येक घरांतील आजोबा उस्मानिया विद्यापीठात शिकलेले असत. आज त्यांची नातवंडे देवगिरी एक्स्प्रेसने येतात. या मुलाचे वडील कोरडवाहू सोयाबीन पिकवितात. तो नेट परीक्षेत ज्युनियर रिसर्च फेलोशिपसाठी पात्र ठरला होता, म्हणजे देशातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या अगदी वरच्या थरातला होता. जानेवारी २०२३ पासून या फेलोशिपची रक्कम महिना ३७,००० रुपये झाली आहे. त्याच्या गावात ही बातमी पोहोचली तेव्हा मारुतीच्या पारावर त्याचा सत्कार झाला होता. ऑगस्टच्या मध्यावर त्याचा प्रवेश झाला. फेलोशिपचा पहिला रुपया त्याच्या खात्यात पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात जमा झाला.

हे नऊ महिने कसे गेले ते तपशिलाने सांगितले पाहिजे, कारण ‘प्रशासकीय विलंब’ या शब्दांत सगळे झाकले जाते.

रुजू अहवालावर मार्गदर्शकाची सही लागते. मार्गदर्शक ठरतो तो विभागीय संशोधन समितीच्या बैठकीत. एका वेळी प्राध्यापकाने आठ, सहयोगी प्राध्यापकाने सहा आणि सहायक प्राध्यापकाने चार यापेक्षा अधिक विद्यार्थी घेऊ नयेत, आणि निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरलेल्याने नवा विद्यार्थी घेऊ नये, असा विनियम आहे. तो योग्यच आहे. पण विभागातील नऊपैकी चार जागा रिकाम्या असल्यावर उरलेल्या पाचजणांत चौदा विद्यार्थी बसविणे हे कोडे होते. समितीचे अध्यक्ष परदेशी परिषदेला गेले होते, नंतर दसऱ्याची सुटी आली. बैठक ऑक्टोबरच्या अखेरीस झाली. तोवर तो विद्यापीठाच्या लेखी विद्यार्थी होता, पण फेलोशिपच्या लेखी रुजू झालेला नव्हता.

नोव्हेंबरात कागद शैक्षणिक विभागात गेले आणि परत आले. कारण, त्याच्या नावात ‘ज्ञ’ आहे. महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या वाचकांना पुढचे सांगायला नको. दहावीच्या प्रमाणपत्रावर तो ‘ज्ञ’ रोमन लिपीत ‘डी-एन-वाय’ असा आहे, आधार कार्डावर ‘जी-वाय’ असा. शिवाय आपल्या मंडळाच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी येते, ते येथील लिपिकाने पहिले नाव म्हणून नोंदविले, आणि वडिलांचे नाव आडनावाच्या जागी गेले. त्यामुळे कागदोपत्री दोन वेगळ्या व्यक्ती तयार झाल्या आणि त्यांतील एकीला फेलोशिप मंजूर होती. प्रतिज्ञापत्र, आधार दुरुस्ती, बँक खात्यावरील नावाची दुरुस्ती, पुन्हा बँक खाते आधारशी जोडणे यांत फेब्रुवारी उजाडला. मार्चमध्ये काही हलले नाही. मार्च महिन्यात लेखा विभागात काय परिस्थिती असते हे मी कोणाला समजावून सांगण्याची गरज नाही, ती मीच तीस वर्षे निर्माण करीत आलो आहे. एप्रिलमध्ये संगणक प्रणालीत ‘मेकर’ने नोंद केली. ती नोंद ‘चेकर’ने संमत करावी लागते. चेकर बदलून गेले होते आणि नव्या चेकरांची डिजिटल सही यायची होती.

या काळात एकदा तो मला म्हणाला, “सर, तुम्ही तर सरकारातच आहात. नेमकं कुठे अडलंय ते तुम्हाला कळेल ना?” मी त्याच्याबरोबर वित्त विभागात गेलो. माझे ओळखपत्र पाहून खुर्ची मिळाली, चहा मिळाला. त्या कक्षात एक लिपिक आणि एक कंत्राटी सहायक मिळून सहाशेच्या आसपास संशोधकांच्या नोंदी सांभाळीत होते. मी फाईल पाहिली. प्रत्येक टेबलावर प्रत्येकाने नियमाप्रमाणेच केले होते. मी त्या खुर्चीत असतो तर मीही तेच कागद परत पाठविले असते. चहा पिऊन आम्ही परत आलो.

या नऊ महिन्यांत त्याने मामांच्या ओळखीच्या एका माणसाकडून महिना शेकडा दोन दराने ६०,००० रुपये घेतले. रात्री तो पुण्यातील एका क्लाससाठी राज्यसेवेच्या सराव परीक्षेचे पेपर तपासत असे, एका पेपरचे २५ रुपये. सकाळी वर्गात त्याचे डोळे तांबारलेले असत. आमच्या प्राध्यापिकेने एकदा सर्वांदेखत विचारले, की तुझे वाचन का होत नाही? तो काही बोलला नाही. बाहेर आल्यावर मला म्हणाला, “पहिला हप्ता आला की वाचायला लागतो, सर.” मे महिन्यात ३,३३,००० रुपये आणि घरभाडे भत्त्याची थकबाकी एकदम जमा झाली. साठ हजारांवर १०,८०० रुपये व्याज झाले होते. ते त्याने दिले, सरकारने नव्हे. आणि सरकारी विवरणपत्रात ही योजना निर्दोष दिसेल. रक्कम दिली गेली हे सांगणारा रकाना त्यात असतो, ती किती उशिरा पोहोचली हे सांगणारा नसतो. माझ्या प्रबंधाचे एक प्रकरण मला येथेच मिळाले, हे लिहिताना मला थोडे ओशाळल्यासारखे होते.

आता माझे म्हणणे मांडतो. सरकारी कर्मचारी निवृत्त होतो तेव्हाही कागद अपुरे असतात. सेवापुस्तकात नोंदी राहिलेल्या असतात, नावांत तफावत असते, जुन्या कार्यालयाकडून दाखला यायचा असतो. पण त्यासाठी आम्ही त्याला नऊ महिने उपाशी ठेवीत नाही. निवृत्तिवेतन नियमांत तात्पुरत्या निवृत्तिवेतनाची तरतूद फार पूर्वीपासून आहे. अंतिम हिशेब होईपर्यंत, प्रथम सहा महिन्यांसाठी, त्याला तात्पुरते निवृत्तिवेतन सुरू होते; कमीजास्त नंतर वळते करून घेतात. उपदान देण्यास प्रशासकीय कारणाने उशीर झाला तर त्यावर व्याज देण्याचीही तरतूद आहे. हे नियम आम्ही केले, कारण निवृत्त होणारे आम्हीच होतो. पैसा आधी आणि पडताळणी मागाहून, ही गोष्ट अशक्य आहे असे आम्हाला तेव्हा वाटले नाही.

मग संशोधकाला तात्पुरती फेलोशिप का देता येऊ नये? प्रवेशाची पावती आणि नेटचे पत्र, एवढ्या दोन कागदांवर प्रवेशाच्या पुढच्या महिन्यापासून सहा महिने फेलोशिप सुरू करावी. रुजू अहवाल, मार्गदर्शक, आधार, घरभाड्याचा दाखला हे सगळे त्या सहा महिन्यांत पूर्ण व्हावे. न झाल्यास सातव्या महिन्यात ती थांबवावी. नेटचे पत्र ज्या यंत्रणेने दिले तिच्याकडेच त्या उमेदवाराची ओळख आधी पटलेली असते. तीच माणसाची ओळख त्याच पैशासाठी पुन्हा पहिल्यापासून पटवून घेण्यात नेमके कोणते लोकहित आहे?

यावरचा आक्षेप मला पाठ आहे, कारण तो मी अनेक फायलींवर लिहिला आहे. मधेच सोडून जाणाऱ्यांकडून वसुली कशी करणार? अधिक प्रदान झाले तर लेखापरीक्षणाच्या आक्षेपाला उत्तर कोण देणार? हा आक्षेप खोटा नाही. काहीजण सोडून जातील. एखाद्याला अध्यापकाची नोकरी लागेल, एखादी लग्न होऊन दुसऱ्या शहरी जाईल, आणि त्यांच्याकडून लाख-दीड लाख परत येणार नाहीत. हमीपत्र घ्यावे, विद्यापीठाने ना-देय दाखल्याशिवाय कागदपत्रे देऊ नयेत. तरीही थोडे बुडेल. पण बुडालेला पैसा दिसतो म्हणून आम्ही त्याला भितो. पैसे येईपर्यंत तग धरता न आल्याने ज्या मुलाने तिसऱ्या महिन्यात गाशा गुंडाळला, तो कोणत्याच लेखापरीक्षण अहवालात दिसत नाही. आमच्या चौदांपैकी दोघेजण डिसेंबरपर्यंत गेले. त्यांतली एक मुलगी झारखंडमधून आली होती आणि वर्गात सर्वांत चांगले प्रश्न तीच विचारीत असे. तिची जागा रिक्त राहिली, आणि तिच्या नावावर सरकारचा एक रुपयाही खर्च न झाल्याने ती आमच्या हिशेबात बचत ठरली.

शिवाय हा मुलगा फेलोशिपवाला होता. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०१४-१५ मध्ये देशात पीएच.डी. करणारे १.१७ लाख होते, २०२१-२२ मध्ये ते २.१२ लाख झाले. यांत एका टोकाला पंतप्रधान संशोधन फेलोशिप आहे, २०१८ पासूनची, पहिल्या वर्षी महिना ७०,००० रुपयांची. दुसऱ्या टोकाला केंद्रीय विद्यापीठांतील बिगर-नेट विद्यार्थ्यांचे महिना ८,००० रुपये, जे बंद करण्याचे आयोगाने २०१५ च्या ऑक्टोबरात ठरविले तेव्हा दिल्लीत आयोगाच्या दारात विद्यार्थी दिवसरात्र बसून राहिले होते. राज्य विद्यापीठांतील विद्यार्थ्यांना ही आठ हजारांची योजनाही लागू नाही. नियतकालिकांसाठी २०२५ पासून तीन वर्षांकरिता ६,००० कोटी रुपयांची ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजना आली. ती चांगली आहे आणि मला तिचा उपयोग होतो. पण रात्री पेपर तपासणाऱ्याला तेरा हजार नियतकालिके उघडी करून दिली तरी ती वाचायची केव्हा?

राहण्याच्या जागेविषयी फार लिहीत नाही. वसतिगृहात पहिल्या वर्षाच्या संशोधकाला जागा नव्हती, बाहेर खोली पाहताना तीन ठिकाणी त्याला आडनावावरून पुढचे प्रश्न विचारण्यात आले, आणि चौथ्या ठिकाणी तो आणखी तिघांबरोबर राहिला. त्याने हे मला हसत सांगितले. मला त्या वेळी १९१७ सालचे बडोदे आठवले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने डॉ. आंबेडकरांना लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले, करारानुसार ते बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, आणि राहायला जागा न मिळाल्याने ते शहर सोडून आले. या कथेचा हा भाग आपण सर्वजण जाणतो. मला प्रशासक म्हणून तिच्यातील दुसरी, लहानशी गोष्ट महत्त्वाची वाटते. लंडनहून निघताना विद्यापीठाने त्यांना चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालू करण्याची मुभा दिली होती. सिडनहॅम महाविद्यालयात शिकवून साठविलेला पैसा आणि शाहू महाराजांची मदत घेऊन ते १९२० मध्ये परत गेले, आणि १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाला डी.एस्‌सी. मिळाली. अफाट बुद्धी आणि कष्ट त्यांचे होते. पण मुदत वाढवून देणारा एक कागदही कोणीतरी वेळेवर दिला होता.

मागील वर्षी मी तात्पुरत्या फेलोशिपच्या कल्पनेचे दोन पानी टिपण, निवृत्तिवेतनाच्या नियमांचा दाखला देऊन, संबंधित कार्यालयाला नागरिक या नात्याने पाठविले. पोच आली. नंतर, विषय योग्य त्या कक्षाकडे वर्ग करण्यात आल्याचे पत्र आले. तो कक्ष कोणता हे पत्रात नाही. मी ते विचारणारे स्मरणपत्र पाठविले आहे.

हिंगोलीच्या मुलाचे वाचन आता खरोखरच सुरू झाले आहे, आणि माझ्या प्रस्तावातील दोन चुका त्यानेच दाखविल्या. पहिली दोन वर्षे संपल्यावर सीनियर फेलोशिपवर जाण्यासाठी समितीचा अहवाल, मार्गदर्शकाचे पत्र आणि प्रगतीचा दाखला असे कागद पुन्हा लागतात. त्याने ते सहा महिने आधीपासून गोळा करायला घेतले होते. प्रत्येकाच्या चार प्रती, आणि नावातल्या ‘ज्ञ’विषयीचे प्रतिज्ञापत्र सर्वांत वर.